अंतर तेंच, वेळ निराळा

अंतर आणि प्रवासाचा वेळ या दोन गोष्टींची गणना आपण सहसा एकत्रच करतों. 'पुणें किती दूर आहे?' या प्रश्नाचें उत्तर मैलांत न येतां 'तीनचार तास' असें येतें, आणि विचारणाराचेंही त्यानें समाधान होतें. नित्याच्या व्यवहारांत हें चालून जातें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे या दोन गोष्टी मुळांतच भिन्न आहेत हें ध्यानांत येतें. अंतर पृथ्वीनें ठरविलेलें आहे. तें शतकानुशतकें होतें तेवढेंच राहतें. वेळ मात्र माणसें ठरवितात. तो यंत्रानें कमी होतो, मुक्कामानें वाढतो, आणि राज्याराज्यांतील तंट्यानें कित्येकदां पुन्हां पूर्वीच्या जागीं जाऊन बसतो.

मुंबईच्या उत्तर उपनगरांतील गोराई हें गांव या भेदाचें चांगलें उदाहरण आहे. एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी, अशा चिंचोळ्या भूमीवर मनोरी, गोराई आणि उत्तन हीं गांवें वसलीं आहेत. या पट्ट्यास पूर्वींपासून धारावी बेट म्हणतात. शहराच्या मध्यावर असलेल्या धारावीशीं त्याचा संबंध नाहीं. कोळी आणि मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे येथील जुने रहिवासी. २००९ सालीं येथें उघडलेल्या विश्व विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट खाडीपलीकडूनही नजरेंत भरतो. गोराईच्या समोर बोरिवली आहे आणि मध्यें केवळ खाडीचें पाणी आहे. होडीनें पलीकडे जावयास थोडीं मिनिटें पुरतात. तेंच मोटारीनें जावयाचें म्हटल्यास उत्तनवरून भाईंदर गांठून मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि रस्त्यावर गर्दी असल्यास त्यांत तासाहून अधिक वेळ सहज निघून जातो. अंतर तेंच, वेळ निराळा.

याच गोराईपासून सरळ रेषेंत सुमारें वीस किलोमीटरांवर मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ आहे, आणि त्या विमानतळापासून लंडनचा विमानतळ सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांच्या आंतबाहेर आहे. पृथ्वीच्या एकंदर परिघाच्या हा पांचवा हिस्साही नव्हे. न थांबतां जाणारें विमान हें अंतर आतां नऊदहा तासांत तोडतें. हे नऊदहा तास कोठून आले, आणि ते मिळविण्यापूर्वीं किती दिवस, किती मुक्काम आणि किती जीव खर्चीं पडले, याचा विचार केल्यास घड्याळाच्या कांट्यामागें दडलेला मोठा इतिहास दिसूं लागतो.

प्रथम अंतराचें मोजमाप कसें करितात तें पाहूं. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून दूरच्या दोन शहरांमधील मार्ग काढूं गेल्यास फसगत होते; कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरतांना तिचा आकार ओढाताणीनें बदललेला असतो. शाळेंत असतो तसा पृथ्वीचा गोल घ्यावा, दोरीचें एक टोंक मुंबईवर व दुसरें लंडनवर धरावें, आणि दोरी ताणावी. ती ज्या स्थळांवरून जाईल तोच सर्वांत जवळचा मार्ग. असें केल्यास एक लक्षणीय गोष्ट दिसते. मुंबईहून निघालेली ही दोरी जवळजवळ थेट कराचीच्या डोक्यावरून जाते. पुढें ती इराण, कास्पियन समुद्राचें दक्षिण अंग व काळ्या समुद्राचा ईशान्य कांठ असें करीत पूर्व युरोपांत शिरते. कराची ही या वाटेवरील नैसर्गिक पायरी होय. श्रोत्यांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

विमानें येण्यापूर्वीं या दोरीचा कोणास उपयोग नव्हता, कारण जहाजें जमिनीवरून जात नाहींत. वास्को द गामा जुलै १४९७ मध्यें लिस्बनहून निघाला आणि आफ्रिकेस वळसा घालून मे १४९८ मध्यें कालिकतला पोहोंचला. या प्रवासाला दहा महिने लागले. पुढें १५३४ सालीं वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि गोराईचा किनाराही त्यांच्या अमलाखालीं आला. चिमाजी आप्पांच्या १७३९ सालच्या मोहिमेंत धारावी बेट व पाठोपाठ वसई मराठ्यांच्या हातीं पडली. परंतु ही वार्ता लिस्बनच्या दरबारीं पोहोंचावयास मोसमी वारा आणि आफ्रिकेचा वळसा यांतूनच जावें लागणार होतें. प्रश्न पाठवावा आणि उत्तराची वाट वर्षावर पाहावी, अशी तेव्हांची रीत होती. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा फेरा चुकला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत मुंबईची आगबोट व पुढची आगगाडी मिळून लंडनला पोहोंचण्यास दोन आठवड्यांच्या आंतबाहेर लागत.

येथें आणखी एक गोष्ट घडली. १८७० सालीं मुंबई, एडन व सुएझ या मार्गानें समुद्राच्या तळाशीं तारेचा दोर टाकला गेला, आणि मुंबईची वार्ता लंडनला तासांच्या हिशोबानें जाऊं लागली. म्हणजे शब्द वेगानें धावूं लागले, परंतु माणूस होता तेथेंच राहिला. घरीं वडील अत्यवस्थ असल्याची तार विलायतेंतील मुलास त्याच दिवशीं मिळे. पण त्यास घरीं पोहोंचावयास मात्र पंधरावडा लागे. जी बातमी पूर्वीं सर्व कांहीं आटोपल्यावर कळे, ती आतां वेळेवर कळूं लागली, आणि वेळेवर कळूनही कांहीं करितां येत नाहीं हें नवेंच दुःख माणसाच्या वांट्यास आलें. मध्यवर्ती कायदेमंडळाचे माजी अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल हे २२ ऑक्टोबर १९३३ रोजीं जिनीव्हानजीक निवर्तले. त्यांच्या निधनाची वार्ता तात्काळ देशभर पसरली. परंतु त्यांचें शव आगबोटीनें मुंबईस येऊन त्यावर अंत्यसंस्कार होण्यास नोव्हेंबर उजाडला.

विमानानें टपाल नेण्याचा जगांतील पहिला सरकारमान्य प्रयोग हिंदुस्थानांतच झाला, आणि तोही गोराईच्या खाडीसारखा केवळ पाणी ओलांडण्यापुरताच. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीस सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं. अंतर होतें अवघें सहा मैल. एका तीरावरून दुसऱ्या तीरावर, इतक्या लहानशा उडीनें या विद्येचा आरंभ झाला.

त्यानंतर अठरा वर्षांनीं, ३० मार्च १९२९ रोजीं, इंपीरियल एअरवेज कंपनीची लंडन ते कराची अशी नियमित डाक सुरू झाली. अंतर सुमारें ५,००० मैल. वेळ सात दिवस. याचा हिशोब करून पाहण्याजोगा आहे. सात दिवस म्हणजे १६८ तास. ५,००० मैलांस १६८ नें भागिलें असतां तासाला तीस मैल पडतात, आणि हा वेग साध्या आगगाडीचा झाला! मग विमानाचा उपयोग काय? वास्तविक तीं विमानें तासास शंभर मैलांच्या सुमारें वेगानें जात. म्हणजे सर्व मार्ग सलग आक्रमिला असता तर पन्नास तास पुरते. उरलेले शंभराहून अधिक तास भूमीवर जात. रात्रीं विमान चालवीत नसत, म्हणून दर सायंकाळीं मुक्काम असे. तेलाची टांकी लहान, म्हणून पुनःपुन्हां उतरावें लागे. शिवाय बाझलपासून जेनोआपर्यंत उतारूंस व टपालास चक्क आगगाडींत बसावें लागे, आणि जेनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें जावें लागे. प्रवासाचा वेळ आकाशांत कमी आणि मुक्कामांत जास्त जातो, हा धडा या पहिल्याच मार्गानें घालून दिला.

मुक्कामावर नशीब कसें पालटतें याचें एक उदाहरण १९३० सालीं घडलें. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमान चालवून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास आगाखानांनीं बक्षीस जाहीर केलें होतें. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पी तेथें अडकून पडले होते, कारण त्यांच्या यंत्रास लागणारे ठिणगीचे प्लग त्यांजपाशीं नव्हते. टाटांनीं आपल्या जवळचे जादा प्लग त्यांस दिले. अस्पी थोडे आधीं पोहोंचले आणि बक्षीस त्यांस मिळालें. हेच अस्पी इंजिनियर पुढें १९६० सालीं भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

कराचीस आलेली विलायतेची डाक पुढें मुंबईस आणण्याचें काम टाटांनींच अंगावर घेतलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास ते एका यंत्राच्या लहानशा 'पस मॉथ' विमानांतून कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून निघाले. बरोबर टपालाचें ओझें होतें पंचावन्न पौंड. अहमदाबादेस ते तेलासाठीं उतरले. तेलाचे डबे तेथें बैलगाडींतून आले होते. दुपारीं दोन वाजण्यापूर्वीं ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट हे डाक घेऊन बेल्लारीमार्गें मद्रासेस गेले. अहमदाबादेपासून जुहूपर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती गोराईच्या खाडीच्या अगदीं जवळून जाते. म्हणजे कराचीहून मुंबईस येणाऱ्या या पहिल्या हवाई टपालाचा स्वाभाविक मार्ग याच किनाऱ्यालगत होता. सुमारें साडेसहाशें मैलांस सात तासांहून किंचित् अधिक वेळ लागला. जुहूचें मैदान म्हणजे चिखलाची सपाटी; पावसाळ्यांत तीवर पाणी भरे, आणि मग विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. विमान कितीही वेगवान असलें तरी त्याचे पाय जमिनीवरच टेंकावयाचे, आणि ती जमीन मृगाच्या पावसापुढें हतबल!

त्याच १९३२ सालीं दुसरेंही एक संकट उभें राहिलें. लंडन-कराची विमानें इराणच्या किनाऱ्यावरून जात असत. इराणशीं केलेला करार संपला, पुढची परवानगी मिळेना, आणि अखेर सारा मार्ग समुद्रापलीकडे अरबी किनाऱ्यावर हलवून शारजा येथें नवा मुक्काम बांधावा लागला. आकाशास कुंपण नाहीं असें कवी म्हणतात. परंतु आकाशासही मालक असतात हें वैमानिकांस तेव्हांच कळून चुकलें.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनीं भारताचें स्वतःचें विमान लंडनच्या मार्गास लागलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें चार यंत्रांचें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान पस्तीस उतारू घेऊन सांताक्रूझहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा या दोनच मुक्कामांनीं १० जूनला लंडनला पोहोंचलें. आगबोटीचा पंधरावडा दोन दिवसांच्या आंत आला. ज्या जिनीव्हाकडून विठ्ठलभाईंचें शव आणावयास पंधरा वर्षांपूर्वीं आठवडे लागले होते, तें आतां वाटेवरील एक स्थानक बनलें.

परंतु या वाटेनें आपली किंमतही वसूल केली. जिनीव्हास उतरावयाचें म्हणजे युरोपांतील उंच पर्वताजवळून जावयाचें. तेंच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजीं माँ ब्लां पर्वतावर आदळलें आणि आंतील अठ्ठेचाळीस जण मृत्यू पावले. उतारूंत बहुतेक खलाशी होते; विलायतेंत आपल्या जहाजावर रुजू होण्यासाठीं ते चालले होते. समुद्रावर आयुष्य घालविणारीं हीं माणसें केवळ वेळ वांचावा म्हणून आकाशमार्गानें निघालीं आणि हिमांत विलीन झालीं. पंधरा वर्षांनीं, २४ जानेवारी १९६६ रोजीं, एअर इंडियाचें 'कांचनगंगा' हें जेट विमान त्याच पर्वतावर कोसळलें. एकशें सतरा जणांचा अंत झाला, आणि त्यांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. त्या विमानांतील भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची एक थैली २०१२ सालीं हिमनदीनें बाहेर टाकली. एका दिवसांत युरोपांत पोहोंचावयाचें टपाल शेचाळीस वर्षांनीं मनुष्याच्या हातीं लागलें. प्रवासाचा वेळ छापील कोष्टकांत सांगतात तो सर्व कांहीं यथास्थित पार पडलें तरचा वेळ असतो, हें अशा प्रसंगीं कळून येतें.

१९६० सालीं एअर इंडियानें जेट यंत्राचीं बोइंग विमानें या मार्गावर घातलीं. त्यांचा वेग कॉन्स्टेलेशनच्या पाऊणेदोनपटीहून अधिक. तथापि खरी बचत पुढें झाली ती मुक्काम गळाल्यामुळें. तेल अधिक मावूं लागलें तसे मधले थांबे गळत गेले, आणि शेवटीं मुंबई व लंडन यांच्या मध्यें कांहींच उरलें नाहीं. आतां उरला तो वारा. उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा प्रवाह वाहतो. म्हणून लंडनला जातांना विमान वाऱ्याशीं झगडतें आणि परत येतांना त्याच्या पाठीवर बसतें. जाण्यायेण्याच्या वेळांत जो तासाभराचा फरक दिसतो त्याचें मुख्य कारण हेंच.

आतां दोरीकडे पुन्हां वळूं. मुंबईहून लंडनला जाणारी सरळ वाट कराचीवरून जाते असें वर सांगितलें. १९३२ सालीं हीच वाट टाटांच्या चिमुकल्या विमानानें खुली केली होती. पुढें देशाची फाळणी झाली आणि या दोन शहरांमध्यें सरहद्द आली. २०१९ सालच्या फेब्रुवारींत पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तें पूर्णपणें उघडावयास जुलै उजाडला. एप्रिल २०२५ मध्यें भारतीय विमानांसाठीं तें पुन्हां बंद झालें, आणि लंडनला जाणाऱ्या विमानांस समुद्रावरून वळसा घेणें भाग पडलें. यंत्रांनीं नव्वद वर्षांत मिळविलेल्या वेळांतून कांहीं वेळ राजकारणानें असा परत घेतला. आणखी एक गोष्ट याहूनही विचार करावयास लावणारी आहे. २०२५ सालीं मुंबई व कराची यांमध्यें थेट विमान नव्हतें. ज्यास जावयाचें त्यानें आखातांतील एखाद्या शहरास जावें, तेथें दुसऱ्या विमानाची वाट पाहावी, आणि मग कराची गांठावी. अहमदाबादेस बैलगाडींतून आलेलें तेल भरून टाटांनीं जो प्रवास सात तासांत केला, तो ताशीं पांचशें मैल धांवणाऱ्या विमानांच्या काळांत तेवढ्या वेळांत जमेलच असें सांगतां येत नाहीं. अंतर तसूभरही वाढलेलें नाहीं. दोन शहरें मात्र एकमेकांपासून दूर गेलीं आहेत.

जें मोठ्या आकाशाचें तेंच लहान खाडीचें. १९२८ सालीं विजेची आगगाडी बोरिवलीपर्यंत आली. खाडीपलीकडचें गोराई मात्र होडीच्या वेळेवरच राहिलें. या गांवांतून परदेशीं निघालेल्या माणसास आधीं पाणी ओलांडावें लागतें किंवा भाईंदरचा वळसा घ्यावा लागतो, मग रस्त्यावरील गर्दींतून विमानतळ गांठावा लागतो, आणि विमान सुटण्यापूर्वीं दोनतीन तास तेथें हजर राहावें लागतें. वीस किलोमीटरांचें हें पहिलें अंतर आणि त्यापुढचें थांबणें यांत जो वेळ जातो, त्यांत विमान अरबी समुद्र पार करून जाईल. १९२९ सालच्या हिशोबांत वेळ भूमीवर खर्च होत असे. आजच्या हिशोबांतही त्याचा मोठा वांटा भूमीवरच खर्च होतो.

हा हिशोब नुसत्या कुतूहलाचा नाहीं. परदेशीं असलेल्या मुलास रात्रीं निरोप मिळतो. इकडे घरांत दिवा लावून माणसें बसलेलीं असतात, आणि अंत्यविधि कोणत्या वेळीं ठेवावा हें त्याच्या विमानाच्या वेळेवर ठरतें. आगबोटीच्या काळीं तो येणार नाहीं हें सर्वांस ठाऊक असे, म्हणून कोणी थांबत नसे. आतां तो येऊं शकतो, म्हणून थांबतात. विमानानें माणसास दिलेली सर्वांत मोठी देणगी वेग ही नसून ही आशा होय. आणि म्हणूनच वळसा, विलंब व बंद आकाश यांचें शल्य आज पूर्वींपेक्षां अधिक बोंचतें.

तात्पर्य, विज्ञानानें आपलें काम केलें आहे. पंधरा दिवसांचे दहा तास करणें हें यंत्राच्या हातचें होतें, आणि यंत्रानें तें पार पाडलें. आतां जो वेळ उरला आहे तो बहुतांशीं यंत्राच्या हातचा नाहीं. तो वाऱ्याचा आहे, वाटेंतील गर्दीचा आहे, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतील अविश्वासाचा आहे. यांपैकीं वारा माणसाच्या आज्ञेंत नाहीं. बाकीचे दोन आहेत.